प्रयोगाच्या आधी लिहिलेलं परीक्षण

गेले काही दिवस रोज रात्री झोपायच्या आधी बर्नार्ड शॉची पत्रं वाचतेय. एलन टेरीला लिहिलेली आणि नंतर मिसेस पॅट्रिक कॅम्पबेलला लिहिलेली, दोघी तेव्हाच्या लंडनच्या गाजलेल्या नट्या. आपल्याला शॉ म्हटलं की पिग्मॅलियन आठवतं आणि त्यावरून पुलंनी केलेली ती फुलराणी, पण हा माणूस नाटककार म्हणून नावारूपाला यायच्या आधी नाट्यसमीक्षक होता, दर आठवड्याला ठरलेल्या जागेत लिहिणारा, जानेवारी १८९५ ते मे १८९८ अशी तीन वर्षांहून जास्त लंडनच्या सॅटर्डे रिव्ह्यूत जी.बी.एस. या सहीने. ते लेख मी पूर्वी वाचलेत, खूप आवडलेत. पण पत्रं वाचल्यावर मला ठामपणे असं वाटायला लागलंय की त्याची खरी समीक्षा पत्रांत आहे, छापून आला तो तिचा अर्धाच भाग.

सुरुवात १८९२ ची. तेव्हा शॉ नाटकांवर नाही, संगीतावर लिहायचा, द वर्ल्ड नावाच्या साप्ताहिकात. एलन टेरी म्हणजे तेव्हा लंडनच्या लायसियम थिएटरचा जीव, ते थिएटर चालवणारा नट हेन्री अर्व्हिंग याच्या बरोबरीने १८७८ पासून मुख्य भूमिका करणारी. तिने संगीतातल्या एका ओळखीच्या तरुण कलाकाराबद्दल मत विचारायला संपादकांना पत्र लिहिलं, संपादकांनी ते शॉकडे सरकवलं, आणि शॉने काही आडपडदा न ठेवता जे वाटलं ते कळवून टाकलं. म्हणजे या दोघांची ओळखच एका परीक्षणातून झाली! पुढे १८९५ नंतर तर पत्रांचा नुसता पाऊस. लंडनमध्ये तेव्हा दिवसातून कितीतरी वेळा टपाल वाटलं जायचं, त्यामुळे सकाळच्या पत्राला संध्याकाळी उत्तर जाऊ शकायचं.

आणि भेट? वर्षानुवर्षं नाही. एकाच शहरात राहायचे, तो तिच्या थिएटरात खुर्चीत बसून तिचं काम बघायचा, तिने एकदा पडद्याच्या भोकातून प्रेक्षकांत डोकावून हा कोण ते बघून घेतलं, पण समोरासमोर येणं दोघांनीही टाळलं. मला हे आधी जरा लाडिक वाटलं होतं. आता नाही वाटत. भेट झाली असती तर शिष्टाचार आले असते, हसून वेळ मारून नेणं आलं असतं. कागदावर दोघंही निर्भीड होती, आणि ते निर्भीडपण त्यांना गमवायचं नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ मी अडकले ती सप्टेंबर १८९६ मधल्या पत्रांत. लायसियमला शेक्सपिअरचं सिंबेलिन बसत होतं, एलन इमोजेन करणार होती. वय ४९, आणि इमोजेन नवीन लग्न झालेली राजकन्या. त्यात तो भयंकर प्रवेश आहे, इमोजेन गुंगीतून जागी होते तर शेजारी मुंडकं नसलेलं प्रेत, अंगावर तिच्या नवऱ्याचे कपडे, आणि तिला वाटतं हा नवराच. हे करायचं कसं? जरा इकडे तिकडे झालं तर प्रेक्षक हसतील. शॉने संहिता घेतली आणि पत्रातून ओळीओळीने तिच्याबरोबर ती भूमिका वाचायला घेतली, कुठे थांबायचं, कोणत्या ओळी सरळ कापायच्या, जाग येताना अजून स्वप्नातच आहे असं किती वेळ ठेवायचं, प्रेताकडे नजर नेमकी कधी जाऊ द्यायची. हे वाचताना मला तालमीत मागच्या खुर्चीवर बसल्यासारखं वाटत होतं. आणि एलन काही मान डोलावणारी नव्हती. ती उत्तर द्यायची, यातलं हे मला पटलं, हे मी आधीपासूनच करतेय, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

२२ सप्टेंबरला प्रयोग झाला आणि चारच दिवसांनी शॉचं परीक्षण छापून आलं. त्यात शेक्सपिअरला त्याने असं काही धुतलंय की आजही लोक तेच वाक्य काढून दाखवतात, होमर सोडला तर इतक्या मनापासून तुच्छ मानावा असा दुसरा मोठा लेखक मला दिसत नाही, अशा अर्थाचं. पण त्याच लेखात इमोजेनवर जे लिहिलंय ते मला जास्त मोलाचं वाटतं. एक इमोजेन शेक्सपिअरला नकळत सापडलेली खरी बाई आहे, तापट, धीट, जन्मजात रुबाब असलेली, आणि दुसरी त्याच्या मनातल्या आदर्श स्त्रीचा निर्जीव पुतळा, आणि दोघी एकाच भूमिकेत कोंबल्यात. छापलेलं हे वाचताना मत वाटतं, हुशार मत. पत्रं वाचून मग याच्याकडे आलं की कळतं, हा माणूस आठवडाभर एका नटीबरोबर बसून या दोन बायका सुट्या करत होता, कारण तिला रात्री उभं राहून त्यातली एक जिवंत करायची होती. छापून आलेलं परीक्षण प्रयोगानंतर येतं, त्यात नटाला काही करता येत नाही, फक्त वाचता येतं. पत्रातलं परीक्षण आधी आलं आणि ते वापरता आलं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आता यात एक गोष्ट खटकते आणि ती सांगायलाच हवी. शॉने त्याच सुमारास नेपोलियनवर एक छोटं नाटक लिहिलं होतं, द मॅन ऑफ डेस्टिनी, आणि ते अर्व्हिंग आणि एलनने करावं अशी त्याची इच्छा होती. म्हणजे ज्या थिएटरवर लिहायचं त्याच थिएटरात आपलं नाटक पडून आहे! तेव्हा अर्व्हिंगसारख्यांनी समीक्षकांची नाटकं विकत घेऊन कपाटात ठेवून देणं ही समीक्षकाला गप्प करायची सभ्य रीत समजली जायची. शॉला पैसे नको होते, प्रयोग हवा होता. मग डिसेंबर १८९६ मध्ये अर्व्हिंगने शेक्सपिअरचं रिचर्ड द थर्ड केलं आणि शॉने लिहिलं की पहिल्या रात्री अर्व्हिंगचा स्वतःवर पुरता ताबा दिसत नव्हता. अर्व्हिंगने त्याचा अर्थ घेतला, मला दारुडा म्हणतोय. नाटक परत आलं. मधल्या मध्ये एलनची किती ओढाताण झाली असेल, एकीकडे इतक्या वर्षांचा रंगमंचावरचा जोडीदार, दुसरीकडे हा पत्रातला मित्र. माझ्या मते शॉने ते नाटक तिथे द्यायलाच नको होतं. पण दिल्यावरही त्याने लेखणी मऊ केली नाही, हे त्याच्या बाजूने मोजावंच लागतं.

मे १८९८ मध्ये त्याने कॉलम सोडला, जागा मॅक्स बीअरबोम या तरुण लेखकाला दिली. एलनला नातवंड झालं तेव्हा ती म्हणाली होती की आता आजीबाईसाठी कोण नाटक लिहिणार, तर याने १८९९ मध्ये कॅप्टन ब्रासबाउंड्स कन्व्हर्जन लिहून टाकलं. तिला ती भूमिका आधी आपली वाटलीच नाही, नको म्हणाली, आणि शेवटी १९०६ मध्ये कोर्ट थिएटरला केली. त्या वर्षी तिच्या रंगभूमीवरच्या कारकिर्दीला ५० वर्षं झाली होती.

मिसेस पॅटची पत्रं वेगळीच. ती स्टेला, आणि तो तिच्या पत्रांत जोई. समीक्षक म्हणून शॉने तिच्यावर १८९५ पासून लिहिलं होतं, पण १९१२ मध्ये पिग्मॅलियन वाचून दाखवायला गेला आणि प्रेमात पडूनच परतला, वय ५५, घरी बायको. ही पत्रं वाचताना काही ठिकाणी मला अवघडायला झालं, इतका तो उघडा पडतो. ११ एप्रिल १९१४ ला लंडनमध्ये पहिला प्रयोग, नाटकाची नायिका एलायझा करणारी स्टेला ४९ वर्षांची, म्हणजे एलन इमोजेन करताना जितकी होती बरोब्बर तितकीच. आणि प्रयोगाच्या दिवशी शॉचं पत्र हजर, वर मथळा, शेवटचे हुकूम! सवय कुठे जाते.

पण मी ज्या पत्रापाशी थांबले ते नाटकाबद्दल नाहीच. फेब्रुवारी १९१३ मध्ये शॉची आई गेली, तिचं दहन झालं, आणि त्याने स्टेलाला सगळं लिहून कळवलं. जांभळी शवपेटी पायांच्या बाजूने आत सरकली, आणि बघता बघता पायापासून लाल गार्नेट खड्याच्या रंगाच्या ज्वाळांच्या रिबिनी फुटल्या, धूर नाही काही नाही, आणि आई म्हणजे ती सुंदर आग झाली. नंतर परत येऊन बघितलं तर दोन माणसं, अगदी आचाऱ्यांसारखी, आईच्या राखेतून खिळे आणि पेटीच्या कड्यांचे तुकडे वेचतायत. आणि त्याला वाटलं आई शेजारी उभी राहून खदखदून हसत वाकून बघतेय आणि विचारतेय, या दोन ढिगांतली मी नेमकी कुठली. मी हे पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं की हा माणूस दगड आहे का, आईच्या चितेपाशी उभं राहून रंग आणि वेशभूषा टिपतोय. तिसऱ्यांदा रडू आलं. त्याला बघण्यातूनच प्रेम करता येत होतं, आणि आईला शेवटचं हसू द्यायला त्याच्याकडे हीच एक भाषा होती.

पाच वर्षांनी स्टेलाचा मुलगा युद्धात मारला गेला. तेव्हाचं पत्र अगदी लहान आहे. सांत्वन मला जमत नाही, मला फक्त संताप येतो, असं म्हणून तो सरळ शिव्या देतो, युद्ध करणाऱ्यांना. त्यात एकही सजवलेली ओळ नाही.

एलन १९२८ मध्ये गेली, त्यांची पत्रं १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि तिच्या मुलाला, गॉर्डन क्रेगला, ते अजिबात आवडलं नाही. आईचं खाजगी जग बाजारात मांडलं असं त्याला वाटलं. मला त्याचा राग समजतो आणि तरीही ती पत्रं छापली याचा आनंद होतो. स्टेलाचं मात्र वाईट झालं. उतारवयात काम नाही, पैसा नाही, आणि जवळ शॉची पत्रं, जी छापली असती तर हातात काहीतरी आलं असतं. बायको हयात असेपर्यंत शॉ परवानगी देईना. इंग्लंडला परतायचं तर लाडक्या कुत्रीला क्वारंटाइनमध्ये ठेवावं लागणार, म्हणून तेही तिने केलं नाही. एप्रिल १९४० मध्ये ती फ्रान्समध्ये पो या गावात वारली. पत्रं छापून आली १९५२ मध्ये, तोवर शॉही गेला होता.

आज परत सिंबेलिनची पत्रं काढून बसलेय, या वेळी शॉची बाजूला ठेवून फक्त एलनची उत्तरं ओळीने वाचायची आहेत.