पंप लागला म्हणजे काय झालं?

पंप, म्हणजे श्वासाबरोबर औषध ओढायचं यंत्र, लागला की माणूस गेल्यातच जमा, असं आमच्या वाडीत पक्कं ठरलेलं आहे. मला लागल्याचं कळलं तेव्हा मोठ्या वन्सं शहाळी घेऊन भेटायला आल्या आणि असं तोंड करून बसल्या की शेवटी मीच त्यांची समजूत घातली. त्यांचं म्हणणं, पंपाची सवय लागते, मग तो सुटत नाही. तुमची प्रेशरची गोळी सुटली का, असं विचारल्यावर त्यांनी विषय बदलला.

मी जन्मात विडी ओढलेली नाही. त्यामुळे डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार, असं म्हटल्यावर घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हा ओढणाऱ्यांचा आजार, हीच सगळ्यांची समजूत. डॉक्टरांनी मात्र आधीच विचारून घेतलं होतं, "काकू, चूल किती वर्षं?"

माहेरी चूल, सासरी चूल. चिपळूणजवळच्या आमच्या घरात स्वयंपाक गॅसवर आला, पण आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवर आणि भात उकडायचा तो मागच्या अंगणात. पावसात लाकडं ओली. मग सोडणं, चुडतं, हाताला लागेल ते घालायचं आणि फुंकणी घेऊन बसायचं. जाळ धरेपर्यंतचा सगळा धूर फुंकणाऱ्या बाईच्या छातीत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही सीओपीडी होतो आणि त्यात लाकूड, गोवऱ्यांच्या धुराचा वाटा मोठा आहे. मुलाने ते मला वाचून दाखवलं. आमच्या पिढीतल्या बायकांचा खोकला "वयाचा" म्हणून सोडून दिला जायचा, याचा मला आता राग येतो.

तपासणी फुंकायचीच होती. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि समोरची मुलगी ओरडतेय, "मावशी, जोरात, सोडू नका, अजून, अजून, अजून!" निम्मा जन्म फुंकणी फुंकण्यात गेला, तरी इथे दम पुरेना. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती, याचं गुणोत्तर ते काढतात. मग पंप देऊन, थोडा वेळ बसवून पुन्हा फुंकायला लावतात. त्यानंतरही आकडा 0.7 च्या खालीच राहिला तर श्वासनळ्यांचा अडथळा कायमचा आहे असं धरतात. माझा खालीच राहिला.

मला मिळालेल्या, पंपातून ओढायच्या कॅप्सूलमध्ये दोन औषधं एकत्र आहेत, ग्लायकोपायरोनियम आणि फॉर्मोटेरॉल. सकाळ-संध्याकाळ एकेक. एकाने भागत नाही का, हे मी विचारलं. डॉक्टरांनी कागदावर नळी काढून दाखवली. श्वासनळीभोवती स्नायू असतो, तो आवळला की हवा अडते. शरीर त्याला "आवळ" असा निरोप पाठवतं, तो निरोप ग्लायकोपायरोनियम पोचू देत नाही. फॉर्मोटेरॉल दुसऱ्या दाराने जाऊन त्याच स्नायूला "सैल हो" सांगतं. वाटा वेगळ्या, त्यामुळे एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा दोन्ही मिळून जास्त काम होतं.

यातल्या पहिल्या औषधाची गोष्ट मला फार आवडली. शंकराला वाहतो तो धोत्रा दम्यावर म्हणून आपल्याकडे चिलमीतून ओढत असत आणि 1802 च्या सुमारास मद्रासहून तो उपाय इंग्रजांनी विलायतेत नेला. धोत्र्यात जी द्रव्यं असतात त्याच धर्तीवर काम करणारी, पण कारखान्यात बनवलेली औषधं पुढे आली. (म्हणून परड्यातला धोत्रा ओढायला जाऊ नका. तो विषारी आहे, माणूस भ्रमिष्ट होतो, मरतोही.) धोत्र्याने तोंडाला कोरड पडते तशी या औषधानेही थोडी पडते. मी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते. ज्यांना लघवी अडण्याचा त्रास किंवा काचबिंदू आहे त्यांनी डॉक्टरांना आधी सांगायचं. दुसऱ्या औषधाने सुरुवातीला माझे हात जरा थरथरायचे आणि छातीत धडधडायचं. पुढे ते कमी झालं.

आता ओढण्याबद्दल, कारण सगळी मेख तिथेच आहे. हात कोरडे करून कॅप्सूल यंत्रात ठेवायची, बटणं दाबून टोचायची, सोडायची. मग श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही, मान वळवून. तोंडाची वाफ आत गेली की पावडर चिकटते. ओठ घट्ट मिटून एका दमात जोरात, खोल ओढायचं. आत कॅप्सूल भुर्रर्र फिरते. तो आवाज आला नाही तर ती अडकली आहे. जिभेला किंचित गोड लागतं, ते औषध नव्हे, पावडरीत मिसळलेली दुधातली साखर. श्वास दहा आकडे होईपर्यंत धरायचा. उघडून बघायचं, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. आमच्या पाखाडीच्या टोकाला राहणाऱ्या आबांना हाच प्रकार लिहून दिला होता, तर ते कॅप्सूल रोज पाण्याबरोबर गिळत होते. वर म्हणायचे, गुणच येत नाही!

फवाऱ्याचा पंप असेल तर नेमकं उलट. तो हलवून, दाबतानाच सावकाश ओढायचा. एकाची रीत दुसऱ्याला लावली तर औषध घशातच राहतं.

आमच्या कोकणात आणखी एक दुखणं म्हणजे पाऊस. जुलैत मीठ पाघळतं तिथे कॅप्सूलचं काय! ती मऊ पडते, नीट टोचली जात नाही. म्हणून मी बाटली बैठकीच्या खोलीत, लाकडी कपाटात ठेवते, एक कॅप्सूल काढली की झाकण लगेच घट्ट. यंत्र धुतलं तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरत नाही. सुनेने मोरीतल्या फळीवर ठेवायचं सुचवलं होतं, म्हणजे दात घासताना आठवण राहील. आठवण राहिली असती, पावडरीचा मात्र लगदा झाला असता.

फरक काय पडला? फुप्फुसं नवी झाली नाहीत. होणारही नाहीत. पण विहिरीवरून पाखाडी चढताना फणसाखाली टेकावं लागायचं, तिथून आता हळूहळू, बोलत बोलत वर येते. एकाएकी धाप लागली तर त्यासाठी निळा फवारा वेगळा आहे. कॅप्सूल मनाने वाढवायच्या नाहीत. निळा वरचेवर लागायला लागला, किंवा बेडका वाढून पिवळा-हिरवा पडला, तर घरी न थांबता दवाखाना गाठायचा, एवढं डॉक्टरांनी बजावून ठेवलं आहे.

न्हाणीत गिझर बसवला आहे. आमच्या ह्यांना मात्र चुलीच्या पाण्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. मी धुराजवळ फिरकत नाही म्हटल्यावर ते स्वतः पहाटे उठून चूल पेटवतात. गेल्या पावसापासून त्यांचा खोकलाही हटत नाहीये. पुढच्या खेपेला माझ्याबरोबर त्यांचाही नंबर लावलाय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.