दुकानात विंडोज, घरात मिंट

घरासाठी कॉम्प्युटर कुठला ठेवायचा हे बेळगावात आपलं आपण ठरवता येत नाही. शहापुरात नुसतं ‘लॅपटॉप जुना झालाय’ म्हणून बघा, दिवेलागणीपर्यंत सल्ले घरपोच येतात. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं, मुख्यालयच गावात. इंजिनिअर नाही असं घर शोधावं लागतं.

खरं तर आमच्या लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं. पण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप. आमचा सातव्या पिढीतला. धडधाकट माणसाला वय झालं म्हणून घरी बसवावं, तशी त्याची गत.

पुण्याचा पुतण्या म्हणाला, “काका, सरळ मॅक घ्या.” त्याचं चुकीचं नव्हतं. 2020 मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या चिप घालायला सुरुवात केल्यापासून त्या मशीनची बॅटरी खरंच पुरते. किंमत ऐकून बायको म्हणाली, “तेवढ्यात स्वयंपाकघराचा कट्टा नवा होतोय की.” मॅक तिथंच संपला.

भाचीचं म्हणणं वेगळं. “मामा, पैसे कशाला घालवतोस? आधी चालवून बघूया की.” तिने पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट आणलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली. ते पेन ड्राइव्हवरूनच चालू होतं, आतल्या विंडोजला हात लागत नाही. पसंत पडलं तर ठेवायचं, नाहीतर पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. लग्न ठरवतानासुद्धा इतकी सवलत मिळत नाही.

माझी परीक्षा एकच होती. मला मंडळाचं इतिवृत्त मराठीत लिहायचं असतं, सरकारी अर्ज कन्नडमध्ये, आणि मुलीचा कन्नडचा अभ्यासही याच लॅपटॉपवर. भाचीने दोन्ही भाषांचे इनस्क्रिप्ट की-बोर्ड, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची सरकारी मांडणी, लावून दिले. ‘के’ दाबलं, मराठी क उमटला. भाषा बदलून तेच बटण दाबलं, कन्नड क. ‘एल’वर दोन्हीकडे त, ‘एच’वर प, ‘डी’वर हलन्त. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावरून आमच्याकडे मोर्चे निघतात. बोटांना मात्र हा वाद माहीतच नाही. ही मांडणी 1986 ची, भारतीय लिप्यांचा एकत्र विचार करून केलेली. मला विचाराल तर सरकारी कामांतलं इतकं नीटस काम क्वचितच सापडेल.

पण हेच इनस्क्रिप्ट विंडोजमध्येही आहे, मॅकमध्येही. म्हणजे निकाल त्यावर लागणार नव्हता.

अडचण निघाली जुन्या फायलींत. मंडळाच्या अहवालांच्या फायली डीटीपीवाल्याने युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी सारखंच दिसावं म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या. तो फॉन्ट नसला की ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो. फॉन्ट मिंटमध्येही बसवता येतो आणि वाचायचं काम भागतं. त्याच फॉन्टमध्ये दुरुस्ती करायची तर टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर लागतं, ते विंडोजवरचं. आम्ही ठरवलं, जुनं फक्त वाचायचं आणि नवं युनिकोडमध्ये लिहायचं.

दुसरी अडचण अण्णांची. खडे बाजारातल्या दुकानाचा हिशेब टॅलीवर, आणि टॅली विंडोजचं. लिनक्सवर ती चालवायच्या युक्त्या आहेत म्हणतात, पण जीएसटी भरायच्या आदल्या रात्री युक्त्या कोण करत बसणार? दुकानात नवं मशीन विंडोज 11 चं घेतलं, घरच्या लॅपटॉपवर मिंट कायमचं बसवलं. प्रिंटरची वायर जोडली, त्याने काही न विचारता कागद बाहेर काढला. वायफायही लगेच लागलं.

आता रविवारी अण्णा हिशेब घेऊन बसायला जातात आणि ओरडतात, “अरे, यात टॅली कुठाय?” नाही म्हटल्यावर पेपर उघडतात. वहिनींनी भाचीला पावशेर कुंदा पाठवून दिला.