आधी साडी गार्ड

मला खरं तर मामाची जुनी यामाहा आरएक्स नकोच होती. मला हवी होती मोटोक्रॉसची गाडी. उंच, हडकुळी, ना दिवा ना हॉर्न, चिखलात लोळायला बनवलेली. रविवारी पानशेतच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर फिरवायची आणि सोमवारी तिच्यावरूनच ऑफिसला जायचं, असा साधा बेत. एक सेकंडहँड गाडी बघायलाही गेले. विकणारा म्हणाला, "पासिंग नाहीये मॅडम, पण करून देतो." पुण्यात 'करून देतो' म्हणणाऱ्याला 'कसं' एवढंच विचारायचं असतं. विचारलं. भंगारात गेलेल्या एका गाडीचं पुस्तक, म्हणजे आरसी, आणि नंबर त्याच्याकडे होता, तो हिला लावणार. चेसिसवर आकडे ठोकून देणारा माणूसही त्याच्या ओळखीचा. मी चहा संपवून उठले.

नंतर चार दिवस वाचत बसले तेव्हा कळलं की सरळ मार्गाने हे होणं जवळपास अशक्य आहे. गाडीची पहिली नोंदणी करायची तर विक्रीचा दाखला, म्हणजे फॉर्म २१, आणि गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा कंपनीचा दाखला, म्हणजे फॉर्म २२, लागतो. हा दुसरा कागद मिळायला ते मॉडेल केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमाप्रमाणे चाचणी संस्थेकडून पास व्हावं लागतं. शर्यतीसाठी बनलेल्या गाड्या कंपनी त्या चाचणीला पाठवतच नाही. त्यामुळे आपण वरून दिवे लावा, आरसे लावा, नंबरप्लेटला ब्रॅकेट करा, मूळ कागदच जन्माला आलेला नसतो. गंमत म्हणजे अशा चाचण्या करणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. मी आठवड्यातून तीनदा टेकडीवर फिरायला जाते. तरी 'एवढी एक गाडी बघून द्या हो' असं म्हणत त्या गेटवर उभं राहण्याइतका पैसाही नव्हता आणि धीरही.

हे सगळं मामाकडे धायरीला जेवताना सांगत होते. मामा ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "अगं, दारात घोडं बांधलंय आणि तू बाजारात कसली फिरतेस?"

घोडं म्हणजे मागच्या शेडमधली १९९३ ची यामाहा आरएक्स १००. एमएच १२. मामाने ती नवी घेतली, पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नेमाने रीपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, केलं. शेवटचं २०१८ ला. २०१९ मध्ये दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, ती ताब्यात घेतली आणि तिची डर्ट बाइक केली. हेडलाइट, इंडिकेटर, मीटर, आरसे, मागची ग्रिप, सगळं उतरवलं. गुट्ट्यांचे टायर, उंच प्लास्टिकचे मडगार्ड, मूळ सायलेन्सरच्या जागी पोटफुगा चेंबर. काळी टाकी पिवळी केली. दोन वर्षं खडकवासल्याच्या पलीकडच्या माळांवर उडवली आणि मग तो जर्मनीला गेला. पासिंग मार्च २०२३ मध्ये संपलं. मी ताडपत्री उचलली तो मे २०२४.

एक गोष्ट मला तेव्हाच कळली आणि पुढची सगळी धावपळ तिच्याभोवतीच झाली. हिचं पुस्तक होतं. गाडी पुन्हा त्या पुस्तकात लिहिल्यासारखी करायची, बाकी काही नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम हेच सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावलं. दादाने नेमकं त्याच वर्षी स्पॅनर हातात घेतला होता.

आरटीओच्या पोर्टलवर रीपासिंगचा अर्ज भरायला बसलो तर ओटीपी येईना. २०१८ ला ज्या एजंटने काम केलं होतं त्याने मामाच्या नावापुढे स्वतःचा मोबाइल नंबर टाकून ठेवला होता. तो नंबर आता बंद. नंबर बदलायचा तर चेसिस आणि इंजिन नंबर अचूक हवेत, आणि मामाचं आरसी कार्ड पाकिटात घासून इतकं पुसट झालेलं की एक अक्षर आठ आहे की बी हे भिंग घेऊनही कळेना. म्हणून गाडीवरच बघायचं ठरलं.

चेसिस नंबर हँडलखाली फ्रेमच्या मानेवर असतो. तिथे तीन थर रंगाचे होते. वरून पिवळा, मध्ये कुठलातरी राखाडी, खाली मूळ काळा. पॉलिश पेपर लावायला गेले तर मामा ओरडला, "घासू नकोस, आकडा गेला तर आयुष्यभर रडशील!" मग फडक्याला थिनर लावून अर्धा तास नुसतं पुसणं. पिवळा पाणी होऊन बोटांवर उतरला, राखाडी सोलून निघाला आणि काळ्यातून एकेक आकडा वर आला. सुरुवातीला १एल१, आरएक्सची खूण. त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तसं. ते अक्षर आठ निघालं. मग धाकधूक इंजिनची, कारण दादाने दुसरं इंजिन बसवलेलं असतं तर विषय तिथेच संपला असता. माती खरवडली. जुळला. मामा काहीच बोलला नाही, आत जाऊन दोघांसाठी कॉफी टाकली.

छाप आणखी तीन काढून ठेवले. आपण काढावेत, आरटीओच्या दारात काढून देणारे असतात पण ते घाईत रेघोट्या मारतात.

सामानासाठी नाना पेठ. हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, दोन पंच्याहत्तर-अठराचा मागचा टायर, हे सगळं एका दुपारी मिळालं. मूळ पद्धतीच्या सायलेन्सरला मात्र तीन दुकानं फिरावी लागली. आरएक्सचं नाव काढलं की भाव वाढतो, तेव्हा नाव न काढता पार्ट दाखवावा. टाकी पुन्हा काळी केली. पिवळी ठेवून रंगबदल पुस्तकात चढवता आला असता, पण अजून एक अर्ज कोण करणार? फिटिंग आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी केलं. त्यांनी एक वाक्य टाकलं होतं, "साडी गार्ड राहू द्या, ते कोणी बघत नाही." ते लक्षात ठेवा.

मग विमा. थर्ड पार्टी ऑनलाइन निघाला, ७५ ते १५० सीसीसाठी वर्षाचे ७१४ रुपये आणि वर जीएसटी. मामाच्या नावावर एक ई-चलान दिसलं, जानेवारी २०१९ चं, विनाहेल्मेट, पाचशे रुपये. पुण्यात एक तारखेपासून हेल्मेटसक्ती कडक झाली तो महिना. मामा तेव्हा हेल्मेटविरोधी होता, अजूनही आहे, पण पाचशे रुपये भरताना म्हणाला, "त्या दिवशी फक्त दूध आणायला गेलो होतो." भरले.

सगळ्यात जास्त रडवलं पीयूसीने. फी पन्नास रुपये. पन्नास रुपयांसाठी पाच दिवस गेले. दोन हजार सालाआधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतात. मर्यादा तशी ढिली, पण आमची गाडी त्यातही बसेना. नळी सायलेन्सरमध्ये घातली, स्क्रीनवर आकडे चढत गेले आणि कार्बन मोनॉक्साइड सहाच्या पुढे जाऊन थांबला. सेंटरवरचा पोरगा धुरातून मागे सरकत म्हणाला, "ताई, मशिन खराब होईल."

कारण शेडमध्येच सापडलं. आरएक्सला पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-टी ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. रेस जितकी द्याल तितकं ऑइल तो सोडतो. दादाने शर्यतीच्या हौसेपायी पंप काढून टाकला होता आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचा, तेही हात सैल सोडून. मिस्त्रींनी पंप परत बसवला, साधं पेट्रोल भरलं, एअर फिल्टरचा स्पंज धुतला, कार्ब्युरेटर उघडून आयडलिंगचा जेट मूळ मापाचा टाकला. मग एअर स्क्रू पाव-पाव आटा बाहेर घेत, कान लावून. त्यांचा हात स्क्रूवर आणि डोळे मिटलेले. एका जागी इंजिनचा सूर मोकळा झाला, ते थांबले आणि म्हणाले, "आता जा." गाडी पूर्ण गरम करून तपासली, तीन पॉइंट आठ. थंड गाडी कधीही पीयूसीला नेऊ नका.

रीपासिंगचा फॉर्म २५ भरला. तेव्हाची फी १,००० रुपये, मुदत उलटल्याबद्दल महिन्याला ३०० प्रमाणे चौदा महिन्यांचे ४,२००, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीचा पर्यावरण कर २,०००. मामाला हा शेवटचा आकडा फार लागला. "रस्ता खोदून ठेवतात ते, आणि पर्यावरण मी बिघडवलं!"

आरटीओच्या तपासणीला गाडी छोट्या हत्तीत घालून नेली. पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर चालवणं म्हणजे बिनपासिंगचीच चालवणं, आणि वाटेत पकडलं तर सगळं मुसळ केरात. टेम्पोचे नऊशे. निरीक्षक साहेबांनी छाप जुळवून पाहिला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न लावायला सांगितले. रेस कमी असली की आरएक्सचा हेडलाइट मिणमिणतो, म्हणून मी मूठ जरा पिळून धरली होती. ते हसले, पण चाललं. मग ते गाडीच्या डाव्या बाजूला गेले आणि खाली वाकले.

"साडी गार्ड कुठंय?"

मी म्हटलं, "साहेब, हल्ली साडी नेसून गाडीवर कोण बसतं?"

"बसणारी काय नेसते ते मी बघत नाही मॅडम. चाक झाकलंय का, ते बघतो."

आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. घरी येऊन १२३वा नियम वाचला. मागे बसणाऱ्याला धरायला ग्रिप, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकणारं गार्ड. नियमात साडीचा उल्लेखही नाही. ओढणी, पंचा, रेनकोट, काहीही अडकतं. ज्या गोष्टीवर मी सगळ्यात कमी विचार केला तिच्यासाठी टेम्पोचे आणखी नऊशे.

मिस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, "नवीन साहेब असतील."

रविवारी जुन्या बाजारात गेले. जमिनीवर पसरलेल्या नळ, कुलपं आणि टेपरेकॉर्डरच्या मध्ये चार साडी गार्ड एकमेकांत अडकून पडले होते. एक आरएक्सचं वाटलं. विकणाऱ्या काकांनी तीनशे सांगितले, दीडशेला दिलं, वर म्हणाले, "सरळ करून घ्या, एकदा कुठंतरी आपटलंय." ते ठोकून, काळा रंग मारून बसवलं. पुढच्या वेळी साहेब वेगळे होते. त्यांनी डावीकडे पाहिलंसुद्धा नाही. हॉर्न वाजवला, सही केली.

तीन आठवड्यांनी स्मार्ट कार्ड पोस्टाने धायरीला आलं. नाव अजून मामाचंच आहे. गाडी माझ्या नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून तयार आहेत, मामा सही करायला 'बघू' म्हणतो आणि मी फार आग्रह करत नाही. त्यानंतरच्या वर्षी नव्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे ५३१ रुपयेही त्यानेच भरले. पानशेतचा कच्चा रस्ता मी साध्या टायरवर, हळू, पार करते. गुट्ट्यांचे टायर असते तर मजा आली असती हे खरंच, पण सोमवारी ऑफिसलाही तिच्यावरूनच जाते.

दादाला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. त्याने टाकी पाहिली, आरसे पाहिले, साडी गार्डपाशी बराच वेळ थांबला आणि मग एकच विचारलं, "माझा चेंबर कुठाय?"

शेडच्या माळ्यावर आहे. उंदीर शिरू नयेत म्हणून मामाने दोन्ही तोंडांना दुधाच्या पिशव्या बांधून ठेवल्यात.