पावट्याच्या डिस्क वालच्या नावावर कशा जात होत्या, ते सापडलं

मंडळी, सापडलं एकदाचं! (वाल, पावटा, हुलगा ही आपल्या सर्व्हरची नावं.) मागचे दोन अपडेट वाचलेत त्यांना आठवत असेल, नेटबॉक्सवर (आपल्या हार्डवेअरची यादी ठेवणारं सॉफ्टवेअर) वालच्या डिस्क एका सकाळी वेगळ्या आणि दुसऱ्या सकाळी वेगळ्या दिसत होत्या, आणि मी तो, मशिनची माहिती रोज नेटबॉक्समध्ये भरणाऱ्या स्क्रिप्टमधला बारीकसा बग समजून पुढं ढकलत होतो. मंगळवारी रात्री तोच बग अंगावर आला.

साडेअकराला अलर्ट वाजला. वाल, बे ३ (डिस्कचा खण), करंट पेंडिंग सेक्टर (वाचताना अडणाऱ्या जागा) ८, आदल्या दिवशी शून्य होता. ४ के सेक्टरच्या डिस्कवर ८ म्हणजे खरं तर एकच फिजिकल सेक्टर, सकाळपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं, पण त्याच पूलवर (एकत्र जोडलेल्या डिस्कवर) वाचनालयाचा कॅटलॉग आणि दोन दिवाळी अंकांचं सगळं आर्काइव्ह आहे आणि ते मला झोपू देईना. कपाटातली ४ टीबीची स्पेअर उचलली, डेटा सेंटरला फोन करून एंट्री घेतली आणि गाडी काढली. रॅक उघडून बघतो तर वालच्या बे ३ मध्ये ब्लँक कॅडी. डिस्कच नाही! वालला दोनच डिस्क आहेत, बे ० आणि बे १, हे मलाच माहीत असायला हवं होतं कारण त्या मीच लावल्यात, पण रात्री बारा वाजता माणूस यादीवर विश्वास ठेवतो ना, यादी त्यासाठीच तर केली.

मग अलर्टमधला सिरियल घेऊन चौदाही मशिनवर डिस्कची माहिती वाचणाऱ्या स्मार्टसीटीएलचा लूप फिरवला (तिन्ही डेल आर७२० वर डिस्क रेड कार्डाच्या मागं आहेत, तिथं मेगारेड कॉमा नंबर द्यावा लागतो, हे मी दर वेळी विसरतो आणि दहा मिनिटं जातात), आणि तो सिरियल निघाला पावट्यात. डीडी कमांडनं ती डिस्क वाचायला लावली, लाइट लुकलुकायला लागला, तीच ओढली, नवी घातली. पावट्यात २ टीबीच्या चार आहेत, तिथं ४ टीबीची बसली, मोठी आहे म्हणून झेडएफएस ही फाइल सिस्टिम कुरकुरत नाही. पहाटे साडेचारला रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) पूर्ण, एकही एरर नाही. त्या हिरव्या ओळीचा स्क्रीनशॉट मी ठेवलाय. पण घरी येताना डोक्यात एकच होतं, वालमध्ये खरंच चार डिस्क असत्या तर मी चांगल्या पूलमधली चांगली डिस्क काढून मोकळा झालो असतो.

आता मूळ प्रश्न. इतके महिने कुणाच्याच लक्षात का आलं नाही? वालमध्ये ४ टीबीच्या दोन, पावट्यात २ टीबीच्या चार. दोन्हीकडं बेरीज ८! महिन्याच्या हिशोबात आपण एकूण टीबी बघतो, ते कायम बरोबर यायचं. आणि पावट्याचं स्वतःचं रेकॉर्ड जुन्या शीटवरून हातानं भरलेलं, ते भरलेलं दिसायचं म्हणून तिथं कुणी बघितलंच नाही. खरं तर स्क्रिप्टनं त्या रेकॉर्डला पहिल्या दिवसापासून हातच लावला नव्हता, पावट्याची सगळी माहिती रोज वालच्या खात्यावर जमा होत होती. जो शेवटी लिहील त्याचं राहणार. त्यात टायमरला मी रँडम डिले लावलेला, सगळी मशिन एकदम नेटबॉक्सवर तुटून पडू नयेत म्हणून, त्यामुळं कधी वाल शेवटी तर कधी पावटा, आणि बघणाऱ्याला वाटणार डिस्क आपोआप फिरतायत.

इथपर्यंत बुधवारी दुपारी पोचलो. पण दोन मशिन एकच का समजली जातायत? स्क्रिप्टची ओळख पटवायची पद्धत तुम्हाला माहितीये, आधी सिस्टिम सिरियल, तो बोगस असेल तर यूयूआयडी (बोर्डाचा ओळख क्रमांक), तोही नसेल तर पहिल्या लॅन पोर्टचा मॅक अ‍ॅड्रेस. तीन पायऱ्या आहेत म्हणून मी निर्धास्त होतो. सिरियल दोन्हीकडं ०१२३४५६७८९, म्हणजे फॅक्टरीत कुणी भरलाच नाही, असले सिरियल आणि 'टू बी फिल्ड बाय ओईएम'वाले स्क्रिप्ट टाकून देते, ते बरोबर चाललं होतं. यूयूआयडी बघितला तर दोन्हीकडं सेम. शेवटच्या आकड्यापर्यंत सेम! ह्या बोर्डांवर यूयूआयडीच्या शेवटी पहिल्या लॅनचा मॅकच असतो, म्हणून मॅक बघितला, ईएनओ१ चा, म्हणजे पहिल्या पोर्टचा, मॅकपण सेम. आणि ईएनओ२ चा, म्हणजे दुसऱ्याचा, वेगळा.

बुधवार अख्खा इथंच गेला. आधी वाटलं, सगळ्या मशिनवर स्क्रिप्ट चालवणारा अ‍ॅन्सिबल एकाच मशिनवर दोनदा जातोय, एसएसएच कॉन्फिग तपासला, फॅक्ट कॅश उडवला. अमेरिकेतला एडिसनवाला आपला मेंबर जागा होता, तो म्हणाला डीएनएस बघ, ते बघितलं. मग दोन्हीकडं कन्सोलवर जाऊन हातानं डीएमआयडीकोड (बोर्डाची माहिती दाखवणारी कमांड) चालवला, फोटो काढून शेजारी शेजारी ठेवले, तरी तेच. मॅक सेम असेल तर नेटवर्क बोंबलायला पाहिजे ना, पण वाल-पावट्यासारख्या आपल्या सगळ्या ई३ (इंटेल झिऑन) मशिनची केबल ईएनओ२ ला असते, ईएनओ१ रिकामा, त्यामुळं स्विचला कधी काही कळलंच नाही.

गुरुवारी निगडीच्या काकांना फोन केला. काका टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले, आपल्या ग्रुपचं हार्डवेअर त्यांनीच सुरुवातीला लावलं, आणि त्यांची एक वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. मी सगळं सांगितलं, ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत, म्हणाले थांब, वही आणतो. आणि वाचून दाखवलं. जून २०२३, पावटा, बोर्ड डेड, रिपेरीला दिला, सोबत नमुन्याला वालचा बोर्ड, बायोस चिप बदलली, दोन्ही परत आले, चालू. बस. एवढ्या एका ओळीत सगळं होतं, आणि ती ओळ आमच्या शीटमध्ये कुणी उतरवलीच नव्हती.

म्हणजे झालं असं. पावट्याची चिप गेली होती. रिपेरीवाल्यानं चांगल्या बोर्डाची, म्हणजे वालची, चिप सीएच३४१ए प्रोग्रामरनं वाचली आणि तोच डंप नव्या चिपमध्ये टाकला. मशिन चालू करून दिलं, त्याचं काम त्यानं नीट केलं. पण त्या चिपमध्ये नुसता बायोस नसतो, यूयूआयडीपण तिथंच आणि आय२१७ लॅनचा मॅकपण तिथंच, कारण आय२१७ चिपसेटच्या जोडीनं काम करतो आणि त्याचा भाग बायोसच्याच फ्लॅशमध्ये असतो. दुसरा पोर्ट आय२१० चा, त्याची मेमरी स्वतंत्र, म्हणून त्याचा मॅक वेगळा राहिला. पहिला सेम, दुसरा वेगळा, हे जे मला दिवसभर छळत होतं तेच खरं उत्तर होतं! खात्रीसाठी ईथटूलनं दोन्हीकडची आय२१७ ची ईप्रॉम काढून डिफ मारला, शून्य फरक. स्क्रिप्टच्या तिन्ही पायऱ्या, म्हणजे सिरियल सोडून दोन, एकाच चिपवर उभ्या होत्या हे लिहिताना मला दिसलंच नव्हतं.

उपाय काय? गुरुवारी रात्री ठरवलं होतं की एएमआयचं डीएमआय एडिट टूल वापरून पावट्याला नवा यूयूआयडी लिहायचा, यूएसबी तयारपण केला. पण मॅक वेगळा लिहावा लागणार, आणि पुढच्या वर्षी आणखी एखादा बोर्ड बदलला की परत तेच. काकांनी फोनवर एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली, एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर (सगळ्या लाइन जिथं येऊन जुळतात ती फ्रेम) तारांची जोडी ओळखायची ती टॅग ब्लॉकवरच्या तिच्या जागेवरून, ग्राहक कोण त्यावरून नाही. मग प्लॅन बदलला. ओळख आपण द्यायची. प्रत्येक चेसिसला आपला नंबर, सह-०१ पासून सह-१४, तो पट्टीवर छापायचा आणि तोच आयपीएमआयटूलनं बीएमसीत (बोर्डावरचा वेगळा छोटा कंट्रोलर) डीसीएमआयच्या अ‍ॅसेट टॅगमध्ये लिहायचा. बीएमसीची फ्लॅश बायोसपासून वेगळी असते, बायोस कितीही वेळा क्लोन करा, टॅग हलत नाही. स्क्रिप्ट आता आधी हा टॅग वाचते, तो नसेल तर थांबते आणि ओरडते. अंदाज करायचा नाही. आणि नेटबॉक्सचं मॉडेल उघडून बघितलं तर काय, अ‍ॅसेट टॅग युनिकच पाहिजे अशी सक्ती आहे, सिरियलला मात्र तशी सक्ती नाहीये. ज्यांनी ते लिहिलं (डिजिटलओशनमध्ये बनलं, २०१६ ला ओपन सोर्स झालं) त्यांनी हजारो मशिन हाताळलेली असणार, हे त्यांना आधीच माहीत होतं. आर७२० च्या बाबतीत डेलचा सात अक्षरी सर्व्हिस टॅगपण सोबत ठेवतोय, तो चेसिसवर छापलेला असतो म्हणून टॉर्च मारून ताडता येतो.

पट्ट्यांबद्दल. साधी थर्मल लेबल मागच्या बाजूला लावू नका, आम्ही लावली होती, एक्झॉस्टच्या गरम हवेनं सहा महिन्यांत अख्खी काळी पडली, एक अक्षर वाचता येत नाही. ब्रदरची १२ एमएमची लॅमिनेटेड टेप महाग आहे पण तीच घ्या. तपकीर गल्लीत स्वस्तातली कंपॅटिबल मिळते, तिचा गोंद पावसाळ्यात सुटतो, दोन वर्षं अनुभव घेतलाय.

हा सगळा खटाटोप एवढा जिवाला का लागतो, तर आपलं हार्डवेअर कुणा एकाचं नाही. पावट्यातल्या त्या चार डिस्क कोथरूडच्या ताईंनी वर्गणीऐवजी दिलेल्या, नेटबॉक्समध्ये टेनंट म्हणून त्यांचं नाव आहे, आणि वर्षभर त्या वालच्या मालकाच्या नावावर दिसत होत्या. उद्या ताई ग्रुप सोडतो म्हणाल्या असत्या तर त्यांना काय परत दिलं असतं? ही यादी म्हणजे मेंबरांचं पासबुक आहे. घसाऱ्याचा हिशोब मी परत केलाय, ताईंना आधी फोन केला, मग सगळ्यांना मेल.

एक छोटा आनंद. रॅमची यादी जुळली! काही बोर्ड मेकरचं नाव न देता कोड देतात, ८०सीई म्हणजे सॅमसंग, ८०एडी म्हणजे हायनिक्स, ८०२सी म्हणजे मायक्रॉन, हे टेबल स्क्रिप्टमध्ये घातल्यावर 'अननोन' एकपण राहिला नाही. स्पेअरच्या डब्यात ८ जीबीच्या सहा काड्या निघाल्या ज्या आम्ही आर७२० च्या समजत होतो, लेबलवर पीसी३एल-१२८००ई, शेवटी ई आहे, आर नाही, म्हणजे अनबफर्ड ईसीसी, आर७२० मधल्या रजिस्टर्ड काड्यांबरोबर त्या चालणारच नाहीत. वालला चार लावल्या, आता ३२ जीबी, ह्या पिढीच्या ई३ ला त्याच्यावर जाता येत नाही.

तासांचं पण लिहायचं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईनं जाहीर केलेलं ते ३२,७६८ तासांचं प्रकरण आठवतं ना, काही सॅस एसएसडी फर्मवेअरच्या चुकीमुळं ३ वर्षं २७० दिवस ८ तास झाले की बंद, आणि एका दिवशी लावलेल्या सगळ्या एकदमच. म्हणून पॉवर ऑन अवर्स आपण रोज घेतो. पण आत्ता हे टाइप करताना सुचलं, स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदीतला, आकडा तरी खरा कशावरून? जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतून बातमी आली होती, नव्या म्हणून विकलेल्या सीगेट एक्सॉस डिस्क वापरलेल्या निघाल्या, स्मार्टमधले तास पुसलेले, सीगेटच्या स्वतःच्या फार्म लॉगमध्ये मात्र खरे तास तसेच. स्मार्टसीटीएल ७.४ पासून तो लॉग वाचता येतो. लिहिणं थांबवून स्पेअरच्या पाच डिस्कवर चालवला. तीन जुळल्या. दोन स्मार्टमध्ये वीस तासांच्या आत, फार्ममध्ये वीस हजारांच्या वर. ज्यानं दिल्या त्याच्याकडं उद्या सकाळी जाणार आहे, बिलावर त्यानं 'नवीन' असं लिहून दिलंय. मंगळवारी पावट्यात घातलेली डिस्क जुळणाऱ्या लॉटमधलीच आहे, ती पण आत्ताच चेक केली.

त्यामुळं रविवारचा प्लॅन परत बदलला. इन्व्हेंटरी आयटेमवरून मॉड्यूलवर जायचं होतं (नेटबॉक्समध्ये सुटे भाग नोंदवायच्या ह्या दोन पद्धती; ४.३ पासून इन्व्हेंटरी आयटेम डेप्रिकेटेड आहेत, कधीतरी करावंच लागेल), ते पुढच्या महिन्यात. ह्या रविवारी आधी फार्म तासांचं कस्टम फील्ड, मग काका आणि मी रॅकवर, पट्ट्या चिकटवायच्या, प्रत्येक पट्टीचा नंबर काका वहीत लिहिणार आणि मी टॅग बीएमसीत लिहिणार, मग एकमेकांचं ताडून बघणार. तेरा मशिनचं ठरलंय. हुलग्याचा बीएमसीच मेलाय, त्याच्यात टॅग लिहायला जागा नाही. सध्या त्याला आय२१० च्या मॅकवर ओळखायचा विचार आहे, पण बीएमसी नसलेल्या मशिनला कुणी बूट डिस्कवर फाइल सोडून दुसरीकडं कुठं टॅग ठेवलाय का? असेल तर शनिवारच्या आत सांगा, टेप तोपर्यंत येतेय.