पुनवेच्या चालीआधी सोलापुरात दिवसभराची खोली

सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची खरी गर्दी होते ती कोजागरीच्या आसपासच्या दोन-तीन रात्री. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यावर निद्रेसाठी पलंगावर विसावलेली तुळजाभवानी अश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर विराजमान होते. त्या दर्शनासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांबरोबरच सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी, बीदर भागांतूनही माणसे सोलापुरात उतरतात, रूपाभवानीच्या देवळात माथा टेकवतात आणि तिथून सुमारे ४५ किलोमीटरची वाट धरतात. रस्त्यावर इतकी माणसे असतात की प्रशासनाला त्या काळात या मार्गावरची वाहतूक दुसरीकडे वळवावी लागते. या चालण्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. बाहेरगावाहून आलेल्या माणसाने चालायला लागण्यापूर्वी पाठ कुठे टेकवावी, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून इथे वाटेपेक्षा खोलीविषयीच अधिक लिहिणार आहे.

मी कल्याणहून निघालो तो माझ्या आत्याबरोबर. आत्याने साठी ओलांडली आहे, तिचा नवस आहे आणि अनवाणी चालण्याचा हट्टही आहे. खर्चाबाबत आमचे आधीच एकमत झाले होते की खोलीवर हजार रुपयांपेक्षा अधिक घालवायचे नाहीत. तिच्या मते देवीच्या वाटेवर निघालेल्या माणसाने गादीवर पैसे उधळणे शोभत नाही, आणि माझ्या मते ते परवडत नाही.

ऑक्टोबरात सोलापूरचे ऊन चांगलेच भाजते आणि तापलेल्या डांबरावर अनवाणी पाय ठेवणे अशक्यच असते. त्यामुळे बरीच मंडळी ऊन उतरल्यावर निघतात, रात्रभर चांदण्यात चालतात आणि सकाळी तुळजापूरचा घाट चढतात. म्हणजे अशा माणसाला खोली रात्री लागतच नाही. ती लागते सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, आणि तीही नुसती सामान ठेवायला नव्हे तर गाढ झोपायला, कारण पुढची रात्र जागी जाणार असते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस मुंबईहून रात्री सुटून भल्या सकाळी सोलापुरात आणून सोडते, तेव्हा गाडी आणि चाल यांचे वेळापत्रक एकमेकांना अगदी सोयीचे आहे. गैरसोयीचा असतो तो लॉजचा दिवस. तो दुपारी बाराला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी बाराला, कुठे तर अकरालाच, संपतो. सकाळी सातला दारात उभे राहिले की एकतर दुपारपर्यंत बाकावर बसायचे किंवा आदल्या दिवसाचेही भाडे मोजायचे, असे दोनच पर्याय समोर येतात. तेव्हा भाडे विचारण्याआधी ‘तुमच्याकडे चोवीस तासांचा हिशेब आहे की बारा वाजताचा?’ हे विचारून घ्यावे. चोवीस तासांचा हिशेब असलेले ९०० रुपयांचे लॉज हे बारा वाजता खोली रिकामी करायला लावणाऱ्या ६०० रुपयांच्या लॉजपेक्षा आपल्या कामासाठी स्वस्त पडते.

आम्ही घरून निघताना मोबाइलवर एक खोली नोंदवली होती, आणि नोंदणीत ‘लवकर प्रवेश’ असे स्पष्ट लिहिलेले होते. त्या ठिकाणी पोचल्यावर गल्ल्यावरच्या माणसाने अशी नोंद आपल्यापर्यंत आलीच नसल्याचे सांगितले आणि यात्रेचा दर म्हणून दीडपट रक्कम मागितली. वाद घालण्याइतकी आत्याला उसंत नव्हती. आम्ही पिशव्या उचलल्या आणि बाहेर पडलो. पैसे पुढे यथावकाश परत आले, पण यात्रेच्या दिवसांत आगाऊ नोंदणीवर विसंबण्यापेक्षा लॉजवर स्वतः फोन करून, समोरच्याकडून वेळ आणि रक्कम वदवून घेणे बरे, हे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे.

स्टेशनातल्या रिटायरिंग रूमचा विचार आम्ही आधी करून पाहिला होता. रेल्वेने येणाऱ्यासाठी ती सर्वांत सरळ सोय. निश्चित किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर क्रमांक असला की घरबसल्या नोंदणी करता येते, आणि बारा तासांसाठी खोली मिळाली तर चालणाऱ्याचा दिवस तिच्यात नेमका बसतो. अडचण एवढीच की अशा खोल्या मोजक्या असतात आणि पुनवेच्या आठवड्यात त्या कधी भरतात ते कळतही नाही. दुसरा स्वस्त पर्याय म्हणजे मंगल कार्यालये आणि समाजांची सभागृहे. तिथे सतरंजीवर जागा मिळते, कुठे अल्प रकमेत तर कुठे विनामूल्य, आणि ओळखीपाळखीच्या लोकांत बायकामुलांना सुरक्षितही वाटते. पण मोठे दिवे, सतत वाजणारा ध्वनिक्षेपक, लहान मुलांची रडारड आणि दर तासाला नवी तुकडी येऊन ‘आई राजा उदो उदो’चा गजर, यांत भक्ती जागी होते आणि झोप उडते. तरण्याताठ्या पोरांनी तिथे खुशाल राहावे. साठीपुढच्या माणसाला रात्रभर चालायचे असेल तर दार लावता येणारी खोलीच हवी.

मग राहिली पायपीट. स्टेशनसमोर लॉजची रांगच आहे. तिथे दर चढे होते आणि रस्त्याचा गोंगाट खोलीत शिरत होता. रूपाभवानीचे देऊळ शहराच्या तुळजापूरकडच्या अंगाला आहे, तेव्हा तिकडेच जागा मिळाली तर संध्याकाळची रिक्षा वाचेल, असे मला वाटत होते. आत्याने हा विचार मोडीत काढला. “देवळापाशी खोली घेशील तर दुपारभर संबळ ऐकत पडशील,” ती म्हणाली, “रिक्षाचे काय ते मी देते.” तिचे म्हणणे खरे होते. यात्रेत देवळापासून थोडे लांब आणि स्टेशनाच्या दर्शनी रस्त्यापासून थोडे आत, अशी मधली जागा सर्वांत चांगली. आम्ही नवी पेठेच्या बाजूला वळलो.

एका अरुंद जिन्याच्या तोंडाशी गल्ला मांडून बसलेला व्यवस्थापक एकाच वेळी तीन भाषांत कारभार करत होता. कलबुर्गीहून आलेल्या कुटुंबाशी कानडीत, झाडलोट करणाऱ्या बाईंशी तेलुगूत आणि आमच्याशी मराठीत. आमच्या आधी एक सोलापूरकर गृहस्थ पाहुण्यांसाठी खोली मागत होते; त्यांचे आधार कार्ड शहरातल्या पत्त्याचे निघाल्यावर व्यवस्थापकाने ते दोन बोटांनी परत सरकवले. “लोकल आयडीवर देत नाही, काका. पाहुण्यांचं कार्ड आणा.” शहरात नातेवाईक असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. खोली ज्याला राहायची आहे त्याच्याच नावे, त्याच्याच कार्डावर घ्यावी लागते, आणि प्रत्येक माणसाच्या कार्डाची छायाप्रत लागते. ती आधीच काढून नेली असली तर झेरॉक्सचे दुकान उघडण्याची वाट पाहावी लागत नाही.

आमची पाळी आल्यावर त्याने आधी आत्याच्या पायांकडे पाहिले. तिने चपला कल्याणलाच सोडल्या होत्या.

“चालणारे का, मावशी?”

“हो. संध्याकाळी निघणार.”

“मग सहाला खोली सोडा, सातशे द्या. पुनवेला लोक लई येऊलालेत, रातच्याला मला परत गिऱ्हाईक मिळतंय. तुमचा बी फायदा, आमचा बी.”

या शेवटच्या वाक्यात घासाघिशीची सगळी किल्ली आहे. यात्रेकाळात लॉजवाला दर उतरवत नाही अशी समजूत असते, आणि रात्रीच्या मुक्कामाला ती लागूही पडते. पण ‘मी सहाच्या आत किल्ली परत देतो’ असे आपण आपणहून सांगितले, तर तीच खोली त्याला एका दिवसात दोनदा देता येते आणि मग तो ऐकायला तयार होतो. कराचा विषयही तिथल्या तिथे काढावा. पूर्वी हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी नव्हता. जुलै २०२२ पासून तो १२ टक्के लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्या छोट्या लॉजला नोंदणीच करावी लागत नाही, त्यामुळे तिथे कर आकारण्याचा प्रश्न येत नाही. सांगितलेला दर करासह आहे की कराविना, एवढे विचारले म्हणजे निघताना गल्ल्यावर तोंड कडू होत नाही.

पैसे देण्यापूर्वी आत्या खोली पाहायला तिसऱ्या मजल्यावर गेली. खोली पाहण्याची तिची रीत सगळ्यांनी उचलावी अशी आहे. आधी न्हाणीघरात जाऊन तिने नळ पूर्ण सोडला आणि बादलीत धार कशी पडते ते पाहिले, कारण सोलापूरला नळाचे पाणी दिवसाआड नव्हे, कधी त्याहूनही अधिक दिवसांच्या अंतराने येते आणि लॉजची टाकी कशी भरते यावर सगळे अवलंबून असते. बोअरचे पाणी होते, धार जाड होती. गरम पाणी मात्र सकाळी नऊपर्यंतच मिळणार होते, म्हणून अंघोळ आधी आणि न्याहारी नंतर असा क्रम तिने तिथेच ठरवला. मग गादीचा कोपरा उचलून खालची बाजू पाहिली, उशी नाकाजवळ नेली, खिडकीला पडदा आहे का आणि तो सरकतो का हे तपासले. शेवटी पलंगावरची चादर चिमटीत धरून म्हणाली, “ही काही सोलापुरी नव्हे.” सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावात येऊन भलतीच चादर अंगावर घ्यायची, हे तिला पटेना. खाली गल्ल्यावर तिने तक्रार मांडली तेव्हा व्यवस्थापक शांतपणे म्हणाला, “सोलापुरी ठेवली की गिऱ्हाईक घेऊन जातंय, मावशी.”

दुपारी झोप लागेल की नाही ही मला धास्ती होती. पडदा ओढून, पंखा मोठा करून पडलो आणि चारपर्यंत जाग आली नाही. मधे केव्हातरी गल्लीतून हलगी वाजत गेली असावी, असे आत्या म्हणते.

सामानाचा प्रश्न खोली घेतानाच सोडवून ठेवला होता. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवायचे तर प्रवासाचे तिकीट लागते आणि पिशवीला कुलूप असावे लागते. आमच्या एका पिशवीला नुसती नाडी होती. व्यवस्थापकाने दोन्ही पिशव्या जिन्याखालच्या खोलीत ठेवून घेतल्या आणि वहीच्या पानावर ‘दोन डाग’, म्हणजे सामानाचे दोन नग, असे लिहून सहीसह चिठ्ठी दिली. बरोबर घेतले ते एका झोळीत मावले. त्यात पाण्याची बाटली, विजेरी, पायाला लावायचे मलम, पट्टी आणि कडक भाकऱ्यांबरोबर शेंगदाण्याची चटणी एवढेच होते. ज्वारीची कडक भाकरी अनेक दिवस टिकते आणि झोळीत दबली तर तिचे फार तर तुकडे होतात, तेव्हा वाटेसाठी सोलापूरने दिलेला याहून चांगला शिधा मला ठाऊक नाही. खरे तर वाटेवर ठिकठिकाणी लोक चहा, केळी, खिचडी घेऊन उभेच असतात आणि उपाशी कोणी राहत नाही. पण मध्यरात्रीनंतर दोन गावांमधल्या अंधाऱ्या टप्प्यात आपली भाकरी आपल्याजवळ असलेली बरी.

रूपाभवानीपासून आम्ही अंधार पडता पडता निघालो. तळे हिप्परग्याजवळ इंग्रजांच्या काळातला एकरुख तलाव, पुढे उळे, मग धाराशिव जिल्ह्यात शिरल्यावर तामलवाडी, अशी वाट सरत गेली. दिवसा घेतलेल्या झोपेचा उपयोग कळला तो तामलवाडीच्या पुढे. तिथे रस्त्याच्या कडेला माणसे ओळीने आडवी झालेली होती आणि आमच्यापेक्षा कितीतरी तरुण मुले मैलाच्या दगडाला टेकून घोरत होती. आत्या जोगव्याची गाणी म्हणत, मधूनमधून माझ्यासाठी थांबत, पुढे चालत होती. घाटाच्या पायथ्याशी उजाडले.

पौर्णिमेला तुळजापुरात खोली मिळवणे ही वेगळीच कसोटी असते, म्हणून दर्शनानंतर तिथे मुक्काम न करता एसटीने सोलापूर गाठण्याचे आम्ही आधीच ठरवले होते. महामंडळ या दिवसांत जादा गाड्या सोडते. वळवलेल्या मार्गामुळे वेळ अधिक लागतो, एवढे गृहीत धरावे. आणि परतीसाठी आणखी एक गोष्ट सकाळी खोली घेतानाच विचारून ठेवावी, ती म्हणजे तळमजल्यावर न्हाणीघर आहे का. चालण्याआधी तिसरा मजला जाणवलाही नव्हता. चालून आल्यावर त्या जिन्याकडे पाहूनच आत्याने पायरीवर बैठक मारली. नोकराने पिशव्या गल्ल्यापाशी आणून दिल्या आणि जिन्यामागच्या सामाईक न्हाणीघरात माणशी ५० रुपयांत दोन-दोन बादल्या गरम पाणी मिळाले. व्यवस्थापकाने चिठ्ठीच्या मागे आपला फोन नंबर लिहून दिला. पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या दिवशीच फोन करून १०० रुपये आगाऊ पाठवले, तर सकाळी सातची खोली तो आमच्या नावे ठेवणार आहे, आणि या वेळी पहिल्या मजल्यावरची.