पाऊस नसताना गळणारा पत्रा

सोलापुरात परसात कामाची खोली उभी करायची तर फार चर्चा लागत नाही. लोखंडी अँगलची चौकट, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, उन्हाळ्यात कूलर, झालं. हाच हिशेब घेऊन इंग्लंडच्या परसात उतरलात की पहिला दणका पत्राच देतो. जानेवारीतली निरभ्र सकाळ, बाहेर पावसाचा थेंब नाही, आणि आत पत्र्यावरून टपटप पाणी: रंध्यावर, करवतीच्या पात्यावर, मापात कापून ठेवलेल्या फळ्यांवर. भोक शोधू नका. भोक नसतंच.

रात्री आकाश मोकळं असलं की पत्रा आपली उष्णता वर सोडतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड पडतो. आतल्या हवेतली वाफ त्याला चिकटते, कडाक्याची थंडी असेल तर तिथेच गोठते, आणि ऊन लागलं की वितळून खाली येते. त्यात भर म्हणून लोक गॅसची शेगडी लावतात. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. म्हणजे थंडी घालवायला जे आणलं, तेच पत्र्याला पाणी पुरवतं. सोलापुरात मागावर सूत तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओल धरावी लागते. इथे तीच हवेतून काढण्यात निम्मा खर्च जातो. तेव्हा आपला पत्रा वाईट नाही, बिचारा चुकीच्या हवेत आलाय.

पत्राच हवा असेल तर आतून लोकरीसारखा थर चिकटवलेला घ्या. हा थर रात्रीचं पाणी धरून ठेवतो आणि दिवसा हवा लागली की सोडतो. म्हणून वळचणीला आणि माथ्याला हवेची वाट हवीच, नाहीतर तो थर कायम ओला राहतो. आणखी एक बारीक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. वळचणीकडच्या कडेला तो थर ५ ते १० सेंटीमीटर रुंदीत वार्निशने बंद करायचा किंवा गरम हवेने वितळवायचा. तसं केलं नाही तर कडेवरून पावसाचं पाणी वातीसारखं आत चढतं. साध्या पत्र्याखाली थर्मोकोलचे तुकडे कोंबणं हा सगळ्यात वाया जाणारा खर्च. फटीतून वाफ वर जातेच, आणि मग पाणी दिसतही नाही.

यापेक्षा मला पटलेलं छत असं: वाशांवर १८ मिमीचा ओएसबी-३ (लाकडाच्या चकत्या दाबून केलेला, ओल सोसणारा तक्ता), त्यावर वाफ अडवणारा कागद, त्यावर ५० मिमी पीआयआर फोम, वर ११ मिमीचा ओएसबी आणि सगळ्यावर ईपीडीएम रबराची एकच अखंड चादर. फोम वाशांच्या वर असल्यामुळे लाकूड उबेत राहतं आणि वाफेला थंड पृष्ठभाग सापडतच नाही. पीआयआर म्हणजे थर्मोकोलचा महागडा भाऊ, पण तेवढ्याच जाडीत बरंच जास्त काम करतो. आणि इथे जाडीला फार किंमत आहे.

कारण नियम. हद्दीपासून २ मीटरच्या आत बांधायचं आणि वेगळी परवानगी काढायची नसेल, तर एकूण उंची २.५ मीटरच्या वर जाता कामा नये. ती मोजायची लगतच्या जमिनीच्या सर्वात उंच भागापासून. परसं इथे एवढीशी, २ मीटर सोडून बांधलं तर परस उरतच नाही, त्यामुळे बहुतेकांचं गणित या अडीच मीटरमध्येच बसवावं लागतं. करून बघा. जोतं जमिनीपासून १०० मिमी वर. वासे १४५ मिमीचे, त्यावर १८, ५० आणि ११. म्हणजे सव्वादोनशे छतातच गेले. उंच बाजूला आत उरले जेमतेम २.१७ मीटर. ३ मीटरच्या रुंदीवर ४० ला १ असा उतार दिला की पडत्या बाजूला २.१. प्लायवूडचा तक्ता २.४४ मीटरचा, तो या खोलीत कुठेही उभा राहत नाही. कापणी बाहेर, अंगणात. गच्चीवर मनाला येईल तेवढा पत्रा चढवणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला हे जाचक वाटतं. पण शेजाऱ्याची भिंत आपल्या स्वयंपाकघराचा उजेड खात नाही, ती याच नियमामुळे. दोन्ही खरं.

“एवढ्या पैशात लाकडाची खोली? विटा नाहीत का तिकडे?” हा प्रश्न सोलापूरहून हमखास येतो. विटा आहेत. पण विटेला खोल पाया लागतो आणि गवंड्याची मजुरी लागते. लाकडाची चौकट दोन माणसं आपल्या हातानं उभी करतात. शिवाय १५ चौरस मीटरच्या आतल्या, झोपायची सोय नसलेल्या खोलीला बांधकाम नियमावली सहसा लागू होत नाही, त्यामुळे लाकूड चालतं. त्याहून मोठी, ३० पर्यंतची खोली हद्दीपासून मीटरभरही दूर नसेल, तर मुख्यतः न जळणाऱ्या मालाची लागते. आणि वाळवी इथे नाही. १९९० च्या दशकात डेव्हनमध्ये एका ठिकाणी सापडली, तर ती समूळ गेल्याचं २०२१ मध्ये जाहीर होईपर्यंत सरकार तिचा नायनाट करण्यामागे होतं. आपल्याकडे लोखंडी अँगल वापरतात तो अडाणीपणा नव्हे, वाळवीचा अनुभव आहे.

३ बाय ४ मीटरच्या खोलीला भिंतींची लांबी १४ मीटर. ४७ बाय ९५ मिमीच्या सी-१६ (हा लाकडाच्या मजबुतीचा दर्जा) पट्ट्या ६०० मिमीवर उभ्या करा; जिथे जड फळ्या टांगायच्या तिथे ४००. दार, खिडकी, कोपरे धरून तीसेक पट्ट्या लागतात. बाहेरून ११ मिमी ओएसबीचे १२ तक्ते, नाहीतर चौकट वाऱ्यात तिरकी होते. त्यावर श्वास घेणारा कागद (पाणी अडवतो, वाफ जाऊ देतो), २५ मिमीच्या उभ्या पट्ट्या, मग फळ्या. या २५ मिमीच्या पोकळीतूनच ओल बाहेर पडते, तिच्यात काही भरू नका. लाकडाच्या प्रक्रियेचा दर्जा बघून घ्या: आतल्या चौकटीला यूसी-२, बाहेरच्या फळ्यांना यूसी-३, जमिनीला टेकणाऱ्याला यूसी-४. औषध लाकडाच्या वरच्या थरातच असतं. कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा औषध लावलं नाही तर कूज तिथूनच सुरू होते.

लार्च किंवा सीडरच्या फळ्या घेतल्या तर खिळे स्टेनलेसचेच. या लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य लोखंडाशी भिडलं की प्रत्येक खिळ्याखाली काळा ओघळ उतरतो. एका कडेला पातळ असलेल्या फळ्या एकमेकींवर चढवताना खिळा खालच्या फळीच्या कडेच्या किंचित वर मारायचा, दोन्हींतून नाही. दोन्हींतून मारलात तर सुकताना फळी आक्रसते, सरकायला जागा नसते आणि मधोमध चिरते.

पायाचं सोलापूरकराला सांगायला नको. लंडनकडची चिकणमातीही आपल्या काळ्या मातीसारखी भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. वरची माती काढा, १५० मिमी खडी ठोकून बसवा, १२०० गेजचा प्लास्टिक कागद, वर १०० मिमी काँक्रीट. १.२ घनमीटर लागतं, १.३ मागवा.

जुन्या गॅरेजवर सिमेंटचे पत्रे असतील तर हात लावू नका; त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर १९९९ पासून पूर्ण बंदी आहे, पण जुनं छत अजून जागोजागी दिसतं. आपल्याकडे तर असा नवा पत्राही चढतो. तिथे निदान तो कोरडा कापू नका, कोरडं भोक पाडू नका; धूळ उडता कामा नये.

आणि हे वाचून जुळे सोलापुरात कुणी फोम-रबराचं छत करायला निघाला असेल तर थांबा. तिथे पत्राच ठेवा. वर पांढरा रंग, माथ्याला गरम हवा निघायला वाट, खाली हातभर पोकळी सोडून आतलं सिलिंग. लोकरी थराचे पैसे वाचवा.