दोन पणज्या

रविवार, रात्री उशिरा

पणजोबांची दोन लग्नं आज एकदाची वंशावळीत बसवली. बसवली म्हणजे, निम्मी.

वर्षभरापूर्वी थोरल्या पणजीची नोंद केली, तेव्हा चारही मुलं तिच्याच खाली घातली होती. मग जुन्या वहीत दुसऱ्या लग्नाची तारीख सापडली. धाकटीची नोंद केली आणि थोरलीच्या मृत्यूच्या रकान्यात 'या तारखेआधी' असं टाकून मोकळी झाले. आज तपासणी चालवली तर ग्रँप्सचा, म्हणजे माझ्या वंशावळीच्या प्रोग्रॅमचा, इशारा: तीन मुलांचा जन्म आईच्या मृत्यूनंतर!

आत्याला फोन लावला. "अगं, माझे बाबा थोरलीचे. बाकीची तिघं धाकटीची."

चूक माझ्या समजुतीत होती. मी मुलांना पणजोबांची मुलं समजत होते. प्रोग्रॅम त्यांना जोडप्याची समजतो. जेडकॉममध्येही, म्हणजे वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायच्या फाइलीतही, तसंच: प्रत्येक जोडप्याची 'फॅम' नावाची वेगळी नोंद आणि मुलं त्या नोंदीला बांधलेली. पणजोबा एकच, पण नोंदी दोन. सख्खं-सावत्र वेगळं लिहावं लागत नाही, ते यातूनच कळतं. (तेच दोघं विभक्त होऊन पुन्हा एकमेकांशीच लग्न करतील, तर मात्र नोंद एकच ठेवायची आणि तिच्यात लग्नाच्या घटना दोन.)

मुलं हलवताना पहिल्यालाच घोटाळा केला. कुटुंबातून काढायच्या ऐवजी माणूसच पुसून टाकला. बॅकअप होता म्हणून वाचले. मग तिघांचाही फक्त दुवा तोडून धाकटीच्या कुटुंबात जोडला.

थोरलीचं नाव कुणालाच आठवत नाही. मी 'अज्ञात' लिहिलं होतं, ते पुसलं. तसं लिहिलं की तेच नाव होऊन बसतं, आणि वंशावळीत अशा आणखी पाच-सहा 'अज्ञात' बायका आहेत. प्रोग्रॅम त्यांना एकच समजून विलीन करू का विचारतो. रकाना कोरा बरा.

आणि मग ती 'आधी'ची तारीख. ती वारली म्हणून दुसरं लग्न, हे मला सांगितलं कुणी? वहीत नाही, आत्याही तसं बोलली नाही. दोघी एकाच घरात नांदल्या असतील, तरी या दोन नोंदी अगदी अशाच दिसल्या असत्या.

तारीख काढून टाकली. आत्याला उद्या दुपारी विचारते, ती एकटी असताना.